शब्द अडतात तेथे रेषा

माझ्या दवाखान्यात चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक काकू नियमित येत असत. तक्रारी ठरलेल्या: रात्री दोननंतर झोप नाही, पाठ आणि खांदे दुखतात, अन्नावर वासना नाही. रक्तदाब आटोक्यात, साखर ठीक, थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वाच्या तपासण्याही व्यवस्थित. मी त्यांना मलम दिले, कॅल्शियम दिले, झोपेची सौम्य गोळी दिली आणि 'वयाप्रमाणे असे व्हायचेच' हे वाक्यही दिले. असे पाच महिने चालले. या पाच महिन्यांत 'दिवस कसा जातो?' एवढा साधा प्रश्न मी त्यांना एकदाही विचारला नाही.

एके दिवशी दवाखान्यात गर्दी होती. काकूंना बाकावर तासभर थांबावे लागले. आत आल्यावर त्यांनी रक्ततपासणीच्या अहवालाचे पाकीट टेबलावर ठेवले. पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने ठिपके काढलेले होते. सरळ रांगांत, समान अंतरावर, तब्बल अकरा ओळी. मात्र ते ठिपके जोडणारी एकही रेष नव्हती. मी सहज म्हणालो, "काकू, रांगोळी अर्धीच राहिली की." त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "काढायची कुठे डॉक्टर? अंगणच राहिलं नाही."

त्यानंतरच्या वीस मिनिटांत जे कळले ते आधीच्या पाच महिन्यांत कळले नव्हते. यजमानांच्या दीर्घ आजारात गावचे घर विकावे लागले होते. पुढे यजमानही गेले. काकू मुलाकडे, इमारतीच्या सातव्या मजल्यावर राहायला आल्या. लग्न होऊन आल्यापासून रोज पहाटे सडा-रांगोळी करणाऱ्या या बाईंच्या दारासमोर आता गुळगुळीत फरशी होती आणि तिच्यावर काढलेले काहीही सफाईच्या वेळी पुसले जात होते. मुलगा आणि सून मायेने सांभाळत होते. दुःख बोलून दाखवावे, तर ती मुलाविरुद्ध तक्रार ठरेल, ही भीती. म्हणून ते दुःख पाठीतून आणि खांद्यांतून बोलत होते.

वृद्धापकाळातील नैराश्य पुष्कळदा असेच येते. 'मला उदास वाटते' असे वडीलधारी मंडळी क्वचितच म्हणतात. त्यांचे गुडघे दुखतात, पोट बिघडते, झोप उडते. मी हे पुस्तकात वाचले होते, तरीही ते समोर बसलेले असताना मला ओळखता आले नाही. मी काकूंना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी नैराश्याचे निदान करून औषध सुरू केले आणि जोडीला आठवड्यातून एकदा आर्ट थेरपीचे, म्हणजे मराठीत ज्याला कलोपचार म्हणता येईल, त्याचे सत्र सुचवले. 'या वयात चित्रं काढून काय होणार?' असे त्यांच्या मुलाने मला विचारले. आपल्याही मनात हाच प्रश्न असेल. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

कलोपचार म्हणजे काय?

कलोपचार म्हणजे चित्रकलेचा वर्ग नव्हे. वर्गात चित्र चांगले यावे, हा हेतू असतो. कलोपचारात चित्र चांगले की वाईट हा प्रश्नच उद्भवत नाही. येथे तीन घटक एकत्र येतात: व्यक्ती, तिच्या हातून घडणारी निर्मिती आणि सोबत बसलेला प्रशिक्षित उपचारक. रंग, खडू, माती, कापडाचे तुकडे, जुन्या मासिकांतील कात्रणे, काहीही माध्यम असू शकते. व्यक्ती काहीतरी घडवते, त्याकडे पाहते आणि मनात आले तर त्याविषयी बोलते. जे थेट सांगणे जड जाते, ते आधी कागदावर उतरते आणि मग त्या कागदाच्या आधाराने शब्दांत येऊ शकते.

एक गैरसमज येथेच दूर करायला हवा. काळा रंग वापरला म्हणजे नैराश्य, लाल वापरला म्हणजे राग, झाडाला मुळे नाहीत म्हणजे असुरक्षितता, असे ठोकताळे पुष्कळ ऐकू येतात. चांगला उपचारक असे भविष्य वर्तवत नाही. काळा रंग कुणासाठी शोकाचा असेल, कुणासाठी आषाढातल्या ढगाचा, तर कुणासाठी काजळाचा. चित्राचा अर्थ काढणाऱ्यालाच विचारावा लागतो. आपणही घरातल्या ज्येष्ठांच्या चित्रावरून त्यांच्या मनाचे निदान करू नये.

रुग्णशय्येवरून सुरू झालेली वाट

या उपचाराचे नाव एका रुग्णाने दिलेले आहे. एड्रियन हिल हे ब्रिटिश चित्रकार १९३८ मध्ये क्षयरोगामुळे इंग्लंडमधील एका आरोग्यधामात दाखल झाले. त्या काळी क्षयावर प्रभावी औषध नव्हते. महिनोन्‌महिने पडून राहणे हाच उपचार होता. हिल यांनी अंथरुणावरच जवळपासच्या वस्तू चितारायला सुरुवात केली आणि त्याने आपले मन सावरते, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे ते इतर रुग्णांना, त्यांत युद्धात जखमी झालेल्या सैनिकांनाही, चित्रे काढायला प्रवृत्त करू लागले. 'आर्ट थेरपी' हा शब्दप्रयोग त्यांनी १९४२ मध्ये केला आणि १९४५ मध्ये त्यांचे 'आर्ट व्हर्सेस इलनेस' हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

त्याच सुमारास अमेरिकेत मार्गारेट नॉम्बर्ग यांनी मानसोपचारात उत्स्फूर्त चित्रांचा उपयोग सुरू केला. इंग्लंडमधील नेदर्न या मनोरुग्णालयात १९४६ पासून एडवर्ड अॅडमसन यांनी रुग्णांसाठी चित्रशाळा चालवली. शिकवायचे नाही, सुधारायचे नाही, केवळ साहित्य आणि निवांत जागा द्यायची, ही त्यांची रीत होती. ब्रिटनमध्ये १९६४ साली आणि अमेरिकेत १९६९ साली कलोपचारकांच्या राष्ट्रीय संघटना स्थापन झाल्या.

मनात नेमके काय घडते?

पहिली गोष्ट म्हणजे लक्षाची दिशा बदलते. चिंताग्रस्त मन एकाच विचाराभोवती बैलघाण्यासारखे फिरत राहते. हाताला रेषा ओढायची असली, की डोळे, बोटे आणि मन काही काळ एका ठिकाणी येतात. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटे कलासाहित्य हाताळायला दिले आणि आधी व नंतर लाळेतील कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण मोजले. सुमारे तीन चतुर्थांश जणांमध्ये ते कमी झालेले आढळले. चित्रकलेचा पूर्वानुभव असणे वा नसणे यामुळे फरक पडला नाही. अभ्यास लहान होता, त्यातील माणसे ज्येष्ठ नव्हती आणि तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. त्यामुळे त्यावर मोठी इमारत उभारू नये. 'मला चित्र कुठे येते?' असे म्हणणाऱ्यांना मात्र त्यात दिलासा आहे.

दुसरी गोष्ट निवडीची. उतारवयात निर्णय एकेक करून हातून निसटत जातात. जेवण काय, औषध केव्हा, बाहेर जायचे की नाही, हे इतर ठरवू लागतात. कोऱ्या कागदापुढे मात्र निळा की हिरवा, येथे की तेथे, थांबायचे की पुढे जायचे, हे सर्व त्या व्यक्तीच्याच हाती असते. ही सत्ता लहान वाटेल. जिच्याकडे दुसरी कोणतीच उरलेली नाही, तिच्यासाठी ती लहान नसते.

तिसरी गोष्ट अंतराची. दुःख आत असते तोवर ते आपल्याला व्यापून टाकते. ते कागदावर उतरले, की आपण त्याच्याकडे थोडे दुरून पाहू शकतो. कागद उलटा ठेवता येतो, घडी घालता येतो, पुढच्या आठवड्यात पुन्हा उघडता येतो.

आता वय आड येते का, ते पाहा. रवींद्रनाथ ठाकूर साठी उलटल्यानंतर गंभीरपणे चित्रकलेकडे वळले. त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन १९३० मध्ये पॅरिसला भरले, तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. प्रत्येकाने रवींद्रनाथ व्हावे, असे नाही. पण हात नव्याने बोलायला शिकण्यास साठी हा अडथळा नाही, एवढे त्यातून निश्चित कळते.

पुरावा किती, मर्यादा कोणत्या?

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांच्या संबंधावर ९०० हून अधिक प्रकाशनांचा आढावा प्रसिद्ध केला. आजार टाळण्यात, आरोग्य राखण्यात आणि आजाराच्या उपचाराला जोड देण्यात कलांचा उपयोग होऊ शकतो, असा त्याचा एकंदर निष्कर्ष होता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. स्किझोफ्रेनिया असलेल्या ४१७ जणांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत गटाने घेतलेल्या कलोपचाराचा नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. त्यांतील अनेक जण सत्रांना फारसे हजरच राहिले नव्हते. स्मृतिभ्रंशातील कलोपचाराविषयी २०१८ च्या कॉक्रेन आढाव्याला निकषांत बसणाऱ्या केवळ दोन लहान चाचण्या सापडल्या आणि त्यावरून ठाम निष्कर्ष काढता आला नाही.

डॉक्टर म्हणून मी याचा अर्थ असा लावतो: कलोपचार हा औषधाचा पर्याय नाही, सोबती आहे. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील, तर चित्रे काढू लागल्यावर त्या स्वतःहून बंद करू नयेत. 'रंगांनी स्मृतिभ्रंश बरा करतो' असे कुणी सांगितले, तर त्यांना लांबूनच नमस्कार करावा. उपचारक निवडताना त्यांचे प्रशिक्षण कोठे व किती झाले, ज्येष्ठांबरोबर काम केले आहे का आणि गरज पडल्यास ते कोणत्या मानसोपचारतज्ज्ञांशी संपर्क साधतात, हे तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत.

स्मृती विरत असताना

स्मृतिभ्रंशाची शंका आली, की आम्ही डॉक्टर रुग्णाला घड्याळ काढायला सांगतो. वर्तुळ, बारा आकडे आणि अकरा वाजून दहा मिनिटे दाखवणारे काटे. ही तपासणी उपयुक्त आहे. पण आकडे एका बाजूला गोळा झालेले पाहून रुग्णाच्या चेहऱ्यावर जी खंत उमटते, ती मी अनेकदा पाहिली आहे. त्या कागदावर चूक शक्य असते. कलोपचाराच्या कागदावर चूक शक्य नसते. हा फरक काळजीवाहकांनी मनात पक्का ठेवावा, कारण घरी आपण नकळत परीक्षक होतो. "बाबा, हे काय काढलंय? झाड असं असतं का?" एवढे एक वाक्य, आणि बाबा पुन्हा खडू हातात घेत नाहीत.

लंडनमध्ये राहणारे चित्रकार विल्यम उटरमोलन यांना १९९५ मध्ये अल्झायमरचे निदान झाले. त्यानंतरही काही वर्षे ते स्वतःची व्यक्तिचित्रे काढत राहिले. चेहऱ्याची ठेवण हळूहळू विस्कटत गेलेली त्यांत दिसते. आजार थांबला नाही. पण आतून काय अनुभवास येत आहे, ते सांगण्याची वाट दीर्घकाळ उघडी राहिली. घरच्यांसाठी एवढेही पुष्कळ असते.

घरी काय करता येईल?

प्रशिक्षित उपचारक सर्वत्र उपलब्ध नसतात. घरी आपण करू, त्याला उपचार म्हणू नये. तरी कलेची सोबत घरातही देता येते. पुढील गोष्टी अनुभवाने उपयोगी ठरल्या आहेत.

• जागा आणि वेळ ठरलेली असावी. सकाळचा उजेड उत्तम. वीस ते तीस मिनिटे पुरेत. दूरदर्शन संच बंद ठेवावा.

• हात थरथरत असल्यास ब्रशच्या किंवा पेन्सिलीच्या दांड्याला सुती कापड गुंडाळून ती जाड करावी. कागद चारही कोपऱ्यांत चिकटपट्टीने टेबलाला पक्का करावा.

• दृष्टी मंद असल्यास गडद कागदावर पांढरा खडू किंवा पांढऱ्यावर जाड काळा मार्कर द्यावा.

• रंग बिनविषारी असावेत. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीसमोर रंगाचे पाणी कधीही पिण्याच्या पेल्यात ठेवू नये.

• खाली बसणे जमत नसेल, तर रांगोळी टेबलावर, ताटात किंवा पाटावर काढता येते. दमा असल्यास रांगोळीची भुकटी टाळून खडू वापरावा.

• लहान मुलांची रंगवायची पुस्तके पुढे करू नयेत. त्यांनी अनेकांना अपमान वाटतो. हातांना जे आधीपासून ठाऊक आहे, तेथून सुरुवात करावी: रांगोळी, गोधडीचे तुकडे जुळवणे, विणकाम, तोरण, कुणाच्या हातची सुबक मोडी, कुणाचे यंत्राचे आराखडे.

• 'काय काढलंय?' असे विचारण्याऐवजी 'याबद्दल मला काही सांगाल का?' असे विचारावे. उत्तर आले नाही, तर गप्प बसावे.

• 'छान, छान' अशी घाईची स्तुतीही नको. 'हा निळा किती गडद आहे' असे, जे दिसते तेवढेच म्हणावे.

• चित्र त्यांचे आहे. भिंतीवर लावण्यापूर्वी किंवा कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी.

• चित्र काढताना रडू आले, तर घाबरू नये. शेजारी बसून राहावे. मात्र अस्वस्थता वाढत गेली किंवा दरवेळी तसेच होऊ लागले, तर थांबावे आणि तज्ज्ञांना सांगावे.

आणखी एक सांगणे खास काळजीवाहकांना. दुसरा कागद आपल्यासाठीही ठेवा. आईवडिलांच्या किंवा जोडीदाराच्या शुश्रूषेत आपल्याही मनात राग, थकवा आणि अपराधीपणा साचतो. तो बोलायला आपल्यालाही जागा नसते. शेजारी बसून आपणही चार रेघोट्या ओढल्या, तर त्या अर्ध्या तासात कुणी रुग्ण नसतो आणि कुणी काळजीवाहकही नसतो.

केव्हा थांबू नये?

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, कशातच रस नसणे, झोप वा भूक बिघडणे, वजन घटणे, 'मी सर्वांवर ओझे झालो आहे' असे वारंवार म्हणणे, यांपैकी काही दिसले तर आपल्या डॉक्टरांना भेटा आणि शारीरिक तक्रारींबरोबर मनाचेही सांगा. जगणे नकोसे झाल्याचे बोलणे आले, तर त्याच दिवशी मदत घ्या आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तो चोवीस तास चालू असतो. तेथे मराठीतही बोलता येते. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळलेपण आले, तर ते नैराश्य किंवा वय समजू नका. जंतुसंसर्ग, सोडियमची कमतरता किंवा औषधांचा दुष्परिणाम असू शकतो. त्यासाठी तातडीने तपासणी हवी.

पुन्हा काकूंकडे

पहिली चार सत्रे काकूंनी केवळ ठिपके काढले. उपचारक बाईंनी एकदाही 'आता जोडा' असे म्हटले नाही. पाचव्या वेळी काकूंनी ठिपक्यांभोवती एक चौकट आखली आणि म्हणाल्या, "हे आमचं अंगण." मग तुळस आली, विहीर आली, यजमानांची आरामखुर्ची आली. पुढे एका सत्राला त्यांनी मुलाला आपणहून सोबत बोलावले आणि कागद त्याच्यापुढे ठेवला. घर विकताना मला कुणी विचारले नाही, हे वाक्य त्या दिवशी प्रथमच उच्चारले गेले. मुलगा रडला. त्यालाही ते घर विकायचे नव्हते आणि त्यानेही ते आईला कधी सांगितले नव्हते.

पाठदुखी पुष्कळ कमी झाली, पण पूर्ण गेली नाही. नैराश्याचे औषध मानसोपचारतज्ज्ञांनी वर्षभराने हळूहळू कमी केले. अजूनही काही रात्री झोप लागत नाही. मात्र सातव्या मजल्यावरच्या त्या दाराशी आता गेरूने रंगवलेली प्लायवूडची फळी असते. सकाळी काकू टेबलावर ती घेऊन रांगोळी काढतात, मुलगा ती उचलून दाराबाहेर ठेवतो आणि सफाईच्या वेळी पुन्हा आत घेतो.

ते पाकीट मी जपून ठेवले आहे. नव्या रुग्णाच्या साऱ्या तपासण्या व्यवस्थित आल्या, की मला त्याची आठवण होते आणि मी विचारतो, "दिवस कसा जातो?" आपल्या घरात कुणी अलीकडे अबोल झाले असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्यासमोर एक कोरा कागद आणि पेन्सिल ठेवा. काही शिकवू नका, काही विचारू नका. केवळ शेजारी बसा.